सालीची बर्फी

२८ नोव्हेंबर १९३८

सकाळचे दूध पुन्हा उलटले. आज पेला ओठांपर्यंत गेलाच नाही, वासच पुरला. वहिनी (वही जपून वापरायची असल्यामुळे यापुढे 'व.') ओसरीचा खांब धरून वाकली आणि मी मागून तिची पाठ चोळत राहिले. पाठीचे मणके बोटांना एकेक लागतात. आज सात मोजले. पाचवा महिना चालू आहे.

दुपारी राधामाय आली. मंगरूळपिरातली निम्मी मुले तिच्या हातांवर जन्मली. दादा आणि मीही. तिने व.चे पोट चाचपले, पापण्या ओढून पाहिल्या आणि आईला बाजूला घेतले. पण राधामायचे बाजूला बोलणे विहिरीपर्यंत ऐकू जाते.

"दूध पोटात गेलं पाह्यजे, माय. नुस्त्या भाकरीनं भागत नाई. गेल्या सालासारखं नाई होऊ द्याचं अवंदा."

गेल्या साली पाचव्यातच गेले. त्यावर घरात कोणी बोलत नाही. मीही लिहीत नाही.

दिवेलागणीला व. अंगणात बसली होती. हातात संत्र्याच्या सालीचा तुकडा, नाकाशी धरलेला.
"एवढाच वास सोसते मले, चंद्राबाई. बाकी सारं जग नासल्यावानी वाटते."

३० नोव्हेंबर

जुन्या वह्या काढल्या. जे शोधत होते ते सापडले.

सातवीत असताना शाळेच्या मोठ्या बाई सुट्टीहून परतल्या, तेव्हा त्यांनी नागपूरची संत्र्याची बर्फी आणली होती. पहिला क्रमांक म्हणून मला दोन वड्या मिळाल्या. एक तिथे खाल्ली, दुसरी कागदात बांधून व.साठी आणली. ती तेव्हा नवी नवरी होती. तिने वडी खाल्ली आणि मी पाहत नाही असे समजून कागदही चाटला.

कृती तोंडाने विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. प्रश्न वहीत लिहून वही बाईंच्या टेबलावर ठेवली होती. खाली त्यांच्या लाल शाईत उत्तर आहे : "खवा, साखर, संत्रे. सोपे आहे."

एवढेच.

बर्फी म्हणजे अखेर दूधच. वेष पालटून आलेले दूध. व. त्याला ओळखणार नाही.

साखर घरात आहे. म्हशीचे दूध आहे. संत्र्यांची अडचण अशी, की चाळीस झाडे आमची आणि त्यांवरचे एकही फळ आमचे नाही. दसऱ्यालाच करीमचाचा बागवानांनी उभा बहार विकत घेतला. त्या दिवसापासून झाडावरचे ते बागवानाचे, आपोआप गळून जमिनीवर पडेल ते घरच्यांचे. बाबा हे इतके पाळतात, की गेल्या वर्षी पाहुण्यांपुढे ठेवायला संत्री बाजारातून आणली होती. पाहुणे बागेत बसले होते.

म्हणजे गळ वेचायची.

१ डिसेंबर

अकरा फळे वेचली. पिळून वाटीभर रस निघाला. दोन शेर दूध चुलीवर ठेवले, आटवून निम्मे केले, रस ओतला.

डोळ्यांदेखत पाणी निराळे आणि चोथा निराळा.

'आंबट पदार्थाने दूध का नासते?' या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते.

आई आली. पातेल्यात पाहिले. तिचा आवाज मोठा झाला नाही, हेच वाईट.
"पोटुशी बाई घरात, अन तू दूध नासवलं?"
मी रसाची वाटी मागे लपवली. तिने ती पाहिली.
"दुधात आंबट! हे तू तिले चारनार होती? लेकराच्या अंगावर कोड उठते, कोड! तुह्या पुस्तकात हे नाई लिहेल?"

चोथा म्हशीपुढे गेला. आईने मीठमोहरीने व.ची दृष्ट काढली. मी दाराआड उभी होते. माझी सर्व वाक्ये तयार होती. एकही बाहेर आले नाही.

२ डिसेंबर

आई बोलत नाही.

दादा जेवताना : "केंद्रात पह्यला नंबर आला पोट्टीचा, अन दूध तापवाच्या परीक्षेत नापास!"
व. तोंडाला पदर लावून हसली. तिला हसवले म्हणून दादाला क्षमा.

व.च्या पोटात आज : अर्धी भाकरी, चिमूटभर मीठ, पाणी.

४ डिसेंबर

आई आणि मी उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होतो. माझ्याकडे न पाहता तिने एकाएकी सुरुवात केली.

"मागच्या साली मीच देल्लं तिले ताक."

मी थांबले.

"आंबट झाल्तं. ती नको म्हने. मी म्हटलं पी वं, ऊन लय आहे, पोटाले थंड पडते. पेली. माह्या शब्दाले नाई म्हनत नाई ते पोरगी कधी. अन दुसऱ्या दिवशी..."

हातातल्या जुडीला एका वेढ्याऐवजी तीन, चार, पाच वेढे देत गेली. काड्या मोडल्या.

ताकाने तसे होत नसते, असे मला म्हणायचे होते. पण ते मी कोठे वाचले? माझ्या एकाही पुस्तकात ही गोष्ट नाही. ना तिच्या बाजूने, ना माझ्या. मी तिच्या हातातली जुडी घेतली, सोडली आणि पुन्हा बांधली. एका वेढ्याची.

त्या दिवशी पातेल्यात तिने काय पाहिले असेल, ते आज कळले.

५ डिसेंबर

व.ला विचारले, तू हुंगतेस तो वास रसाचा की सालीचा?
"रस कायले? साल. हे पाह्य." तिने साल दुमडली. बारीक तुषार माझ्या नाकावर उडाले. "हे."

एकटी असताना सालीचा तुकडा जिभेवर ठेवला. चावला. कडू. तिखटासारखे काहीतरी. जीभ किंचित बधिर.
आंबट नाही.
पुन्हा चावून पाहिले. आंबट नाही.

मोठ्या बाईंनी 'संत्रे' लिहिले. संत्र्याचे काय, ते लिहिले नाही. आणि मी विचारले नाही.

६ डिसेंबर

गळीच्या फळांची साल काढून व.ला हुंगायला दिली. तिने तोंड फिरवले. "माती अन कुजकट." खरेच आहे. तीन-तीन दिवस ओल्यात पडलेली फळे. ती ज्या सालींवर जगते आहे, त्या चाचा सकाळी फळ खाऊन टाकतात त्या. कधी सापडतात, कधी बकरी आधी पोहोचते.

ताजी साल हवी. ताजी साल झाडावर आहे.

७ डिसेंबर

लिहिणार नव्हते. परंतु या वहीशीही खोटे बोलले तर मग कोणाशी खरे बोलणार?

विहिरीजवळच्या झाडाखाली गळ वेचायला गेले. चार फळे, चारही मऊ. वर पाहिले. हाताच्या उंचीवर एक, गच्च केशरी, ऊन पडलेले. कोणी नव्हते.

तोडले.

नंतर जे केले त्याची लाज तोडण्यापेक्षा अधिक आहे. फळ मी जमिनीवर ठेवले. वळून दहा पावले चालत गेले. मग परत आले आणि, अरे, हे एक पडलेले दिसते, अशा चेहऱ्याने ते उचलले. चेहरा कोणासाठी केला होता, देव जाणे.

दुपारी व. त्याची साल नाकाशी धरून झोपी गेली. किती दिवसांनी दिवसा झोपली.

तरीही.

८ डिसेंबर

चाचा बागेतल्या राखणीच्या खोपीपुढे गवतावर फळे निवडत बसलेले असतात. मी रोज त्या वाटेने पाण्याला जाते आणि ते "कैसी हो बेटी" म्हणतात. आज बांधाला वळसा घालून गेले. पाणी आणायला दुप्पट वेळ लागला. आईने विचारले, विहीर सरकली काय?

तोंडाने सांगणे माझ्याने होणार नाही. चिठ्ठी लिहिली. चार वेळा फाडून पाचव्यांदा ठीक उतरली. चाचा नमाजाला उठले, तेव्हा त्यांच्या लोट्याखाली ठेवून आले.

९ डिसेंबर

चाचांना मराठी वाचता येत नाही. ते उर्दू वाचतात.

हे मला ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते. चिठ्ठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाचा मी इतका विचार केला, आणि याचा एकदाही नाही.

सकाळी ते चिठ्ठी घेऊन गोठ्यापाशी आले. मी तट्ट्याआड शेण भरत होते. बाबा आणि दादा गाडीत कोबी भरत होते. फळ तोडायला आलेल्या दोन बायाही तिथेच.
"गनपत, जरा वाच रे बाप्पा. लोट्याखाली निघाली. अक्षर लय चांगलं आहे, सरकारी कागद दिसते. मले नोटीस-बिटीस तर नाई?"

आणि दादाने वाचले. मोठ्याने. शाळेत कधी वाचले नसेल इतके स्पष्ट.

"तीर्थस्वरूप करीमचाचा यांच्या सेवेशी. सविनय निवेदन की, आपल्या ताब्यातील वृक्षावरून काल एक फळ माझ्याकडून तोडण्यात आले. सदर फळ प्रथम भूमीवर ठेवून नंतर उचलण्यात आले. तथापि ते गळलेले मानता येणार नाही..."

इथे एक बाई हसली. मग दुसरी. दादाला पुढे वाचवेना. "भूमीवर ठेवून! अवं चंद्रे, तू वकील हो!"

बाबा हसले नाहीत. त्यांनी कोबी खाली ठेवला. "चाचा, हे कराराबाहेरचं झालं. माह्या घरातून झालं."

तट्ट्यामागे मी शेणाची पाटी डोक्यावर घेतली, मागच्या मागे निघून जायला.

"मले तर परवाच समजलं होतं," चाचा म्हणाले. "गळते ते फळ डाहाळी मोडून नाई जात. मी म्हटलं कोन्या पोराचं काम. पोराले रागावता येते. हिले कसं रागावू? हिनं तर दस्तऐवज करून देल्ला." मग तट्ट्याकडे वळून : "बाहीर ये, बेटी. काहून तोडलं ते लिहेल नाई यात."

मी बाहेर आले. पाटी डोक्यावरच होती, ती उतरवायचे सुचले नाही. व.चे नाव घेऊन चार शब्द बोलले. दूध. वास. साल. आंबट नाही.

चाचांनी दादाच्या हातून चिठ्ठी घेऊन तिची घडी केली. "माही धाकटी अशीच होती. तिले ओल्या मातीशिवाय कायचाच वास चालेना. तिची माय मडकं भिजवून उशापाशी ठेवे." मग बाबांना : "कराराच्या आतच राहू, पाटील. फळ माहं. मी खातो. म्हातारा मानूस, दिवसाले दोन तर खातोच. साल करारात कुठी लिहेल आहे?"

त्यांनी तिथेच एक सोलले, फोडी तोंडात टाकल्या आणि साल माझ्या हातावर ठेवली. अखंड, फुलासारखी उघडलेली.

बाबा अजून नीट बोललेले नाहीत. पण जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

११ डिसेंबर

आज आईपुढे.

उकळत्या दुधाचा वास व.पर्यंत जाऊ नये म्हणून बागेत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला तीन दगडांची चूल मांडली. आईला बोलावून आणले. तिला मी म्हणाले (एका दमात, पाठ केले होते) : "साल आंबट असेल तर दूध नासेल, तुझ्या डोळ्यांदेखत नासेल. मग मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही नासले तर तूच काय ते ठरव."

आईने व.कडे, म्हणजे घराकडे, एकदा पाहिले.
"टाक."

छोट्या पातेलीत दूध. त्यात साल. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो. चाचा खोपीपाशी फळे निवडत असल्याचे दाखवत होते. हातातले एकच फळ त्यांनी सात-आठ वेळा पुसले.

दूध चढले. उतू जाण्याआधी आईने उघड्या बोटांनी पातेली उतरवली. कलती केली. कडेवरून दूध एकसारखे ओघळले, कणी नाही.
"पुन्हा."
पुन्हा ठेवले. पुन्हा चढले. नासले नाही.
"अजून एकखेप."
तिसऱ्यांदाही नाही.

आईने बोट बुडवून चाखले, आणि ज्या आवाजात ती एरवी भाजीचे मीठ सांगते त्या आवाजात म्हणाली, "कडू लागते. याचं काय करशील?"

तिने मला 'काय करशील' विचारले.

१३ डिसेंबर

पहिली खेप. बर्फी झाली, दिसायला बर्फी. दादाने अख्खी वडी खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाला, "छान हाये. कडुलिंबाची का?"

दोष सालीच्या आतल्या पांढऱ्याचा. केशरी भागात सुगंध, पांढऱ्यात सगळा कडवटपणा. सुरीने काढू गेले तर साल फाटते. आईने कैऱ्या सोलायचा शिंपला काढून दिला, ज्याच्या पोटाला भोक पाडून धार केलेली असते तो. त्यानेही माझ्या हातून नीट होईना. मी घाई करते.

व. ओसरीवर पडून पाहत होती. "आना इकडे. मले बसल्याबसल्या दुसरं काय काम आहे?"

तिने साल मांडीवर उताणी ठेवली, कडेपासून सुरुवात केली आणि हळूहळू मध्याकडे आली. पांढरे पापुद्रे गळत गेले. देठाजवळ इवली चांदणी असते, तेवढी सोडली. "हे राहू द्या. हे कुंकवावानी दिसते." साल इतकी पातळ झाली, की तिच्यातून तिची बोटे दिसत होती. खरवडताना सगळा वेळ तोच वास. दोन तास ती एकदाही वाकली नाही.

१५ डिसेंबर

कृती. पुढे कोणाला हवी असल्यास विचारावे लागू नये म्हणून पूर्ण लिहिते.

पांढरे काढलेली साल दोनदा पाण्यात उकळून ते पाणी टाकावे. पाट्यावर साखरेबरोबर वाटावी, बोटांना कण लागू नये इतकी. म्हशीचे दूध जाड बुडाच्या कढईत आटवावे. उलथण्याचा हात थांबता कामा नये. खवा कढईची कड सोडू लागला की साखर. पुन्हा घट्ट झाले की खाली उतरवावे, आणि मग वाटलेली साल घालावी. चुलीवर असताना घातल्यास वास आभाळात जातो, वडीत राहत नाही. तूप लावलेल्या ताटात थापावे. निवाल्यावर वड्या.

मोठ्या बाईंचे म्हणणे खरे आहे. सोपे आहे.

व.ने वडी हातात घेतली. आधी नाकाशी नेली. आम्ही सगळे उभे. आई तर हातात घमेले घेऊनच उभी होती, उलटी झाली तर म्हणून. व.ने कोपरा चावला. चावत राहिली. दुसरा कोपरा.
"अशा पाहू नका ना सारेजन माह्याकडे. गिळवत नाई."

आम्ही पाठमोरे झालो. आईही, घमेल्यासकट.

वडी संपली. मग थांबणे. खांबाची सावली तुळशीच्या कट्ट्यापाशी होती, ती सरकत ओसरीच्या पायरीवर आली. व. बसूनच होती. एकदा तिने छातीवर हात ठेवला, आईचे घमेले पुढे झाले. ढेकर आली, एवढेच.

आईने घमेले भिंतीशी पालथे ठेवले आणि म्हशीला पेंड द्यायला गेली. बराच वेळ आली नाही. म्हैस एकच आहे.

१६ डिसेंबर

दोन वड्या. राहिल्या.

१७ डिसेंबर

तीन. संध्याकाळी उलटी. आईने पाहून निकाल दिला : भाकरीची आहे, बर्फीची नव्हे.

२१ डिसेंबर

चार. शिवाय आज व.ने स्वतःहून मागितली. "चंद्राबाई, ते तुमचं दस्तऐवजवालं देता का?" या घरात माझी ती चिठ्ठी आता मरेपर्यंत पुरणार.

चाचा रोज दोन साली पाठवतात. परवा तीन होत्या. आईने त्यांना वड्या पाठवल्या. डबा परत आला तो रिकामा आला नाही, आत साल.

२९ डिसेंबर

पाठ चोळताना मणके मोजू गेले. चौथ्यानंतर चुकले. पुन्हा मोजले. पुन्हा चुकले.

६ जानेवारी १९३९

बाग उतरली. आज शेवटची गाडी भरली. चाचा खोप मोडून निघाले. म्हणाले, "बेटी, दात आंबून गेले माहे तुह्या वैनीपायी." फडक्यात बांधलेल्या वाळल्या सालींचे गाठोडे देऊन गेले. महिनाभर गुपचूप खोपीवर वाळवत होते.

जाता जाता विहिरीजवळच्या झाडाकडे बोट केले. "एक वर ठेवलं आहे. गळन तवा उचलजो. तोवर नाई."

मी तोंडाने "हो चाचा" म्हणाले. लिहून दिले नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचे करत असताना व.ने हाक मारली. मला वाटले, पुन्हा. धावत गेले. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. चिकट हात, गुळाचा.

काही नाही. मग एकदम आतून. कोणीतरी दार ठोठावावे तसे, पण लाजत.

"तुमच्यावर गेलं," व. म्हणाली. "आवाज करत नाई."

आईला सांगायला गेले आणि मला बोलता येईना. तिला वाटले काही वाईट झाले. हातातली परात तशीच टाकून पळाली.

२५ जानेवारी

पौष संपला. व.चे वडील न्यायला आले. सातवा लागला, पहिलेपण माहेरी, अनसिंगला. मोटारीने वाशीमपर्यंत, पुढे त्यांची बैलगाडी. गाडीत गवताची जाड गादी घातली असल्याचे ते तीन वेळा सांगत होते, आणि आई तीनही वेळा विचारत होती.

मी डबाभर बर्फी दिली. वीस दिवस पुरेल. नंतर टिकणार नाही. आईने तिच्या कानाशी लागून पुष्कळ काही सांगितले. शेवटचे मला ऐकू आले : "ताक पिऊ नको, माय. कोनी म्हटलं तरी. मी म्हटलं तरी."

व. तोवर रडली नव्हती. मोटार यायच्या आधी मला म्हणाली, "शिंपला नेऊ का?" तेव्हा रडली. शिंपला तिच्या ओटीत घातला.

घर मोठे झाले आहे.

४ फेब्रुवारी

दहा दिवस. निरोप नाही.

अनसिंगकडचा एक माणूस बाजारात दादाला भेटला. व.च्या माहेरी वैद्य येऊन गेला, असे त्याने ऐकले. कोणासाठी, त्याला ठाऊक नाही. घरात म्हातारी माणसे आहेत, म्हणाला. असतील.

दादाने ते आईला सांगायला नको होते. आज भाजीत मीठ नव्हते, आणि कोणी तसे म्हटले नाही.

पत्र टाकले. तिकडे वाचणार कोण, हा प्रश्न या वेळी आधी सुचला. शाळेच्या मास्तरांच्या पत्त्यावर टाकले.

८ फेब्रुवारी

उत्तर नाही. दादा रविवारी स्वतः जाणार आहे.

रोज सकाळी विहिरीजवळच्या झाडाखाली जाऊन येते. फळ वरच आहे. हात पोहोचतो. लावत नाही. हे फळ झाडावर आहे तोवर तिकडे सगळे ठीक आहे, असे मी मनाशी का धरले, सांगता येणार नाही. पहिल्या क्रमांकाच्या मुलीला हे शोभत नाही.

काल वारा फार होता. पहाटेच जाऊन पाहिले. आहे.

११ फेब्रुवारी

दुपारी मोटारीवरचा माणूस आमचा डबा घेऊन आला. दोरीने घट्ट बांधलेला.

"कोनी देल्ला?" आईचा आवाज.
"वाशीमले एका गाडीवाल्यानं. अनसिंगचा. म्हने मंगरूळले माळ्याच्या मळ्यात द्या."
"अन पोरगी कशी आहे?"
"नाई बा. मले डबाच देल्ला फक्त."

तो गेला. आई डब्याकडे पाहत उभी. "सोड तू." मला दोरी सुटेना; आईने दाताने सोडली.

आत बर्फी नव्हती. कोपऱ्यात एक चूरही नाही. साली होत्या. संत्र्याच्या, ताज्या, ओल्या फडक्यात एकावर एक ठेवलेल्या. मी वरची उचलून उजेडात धरली. माझी बोटे पलीकडून दिसली. पांढरे कोठेही नाही. देठाजवळ चांदणी सोडलेली.

दुसरी उचलली. चांदणी. तिसरी. आई माझ्या हातातून एकेक घेऊन उजेडात धरत होती. नऊ साली. नऊही तशाच. तळाशी शिंपला आहे का पाहिले. नाही. ठेवून घेतला आहे.

ओल्या फडक्यातल्या साली म्हणजे परवाच्या, फार तर तेरवाच्या. परवा ती बसून होती, तिच्या मांडीवर पुरेल इतका उजेड होता, आणि मधल्या चांदणीला वळसा घालण्याइतका तिचा हात स्थिर होता. याहून अधिक मला माहीत नाही. वैद्य कोणासाठी आला होता, ते माहीत नाही. पुढचे दोन महिने कसे जातील, तेही.

मी वही-दौत काढली. दादा रविवारी जाईल त्याच्याबरोबर पत्र द्यावे, सगळे नीट विचारावे, एकेक प्रश्न क्रमाने.

"ते मागून लिह्य," आई म्हणाली. ती पाटा धुवायला बसली होती. "आधी दूध ठेव."

झाडावरचे फळ अजून झाडावरच.